छायागीतच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी संगणकावर कशा घ्याव्यात

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, घरोघरी व्हीसीआर आले ते १९८०च्या दशकात. त्यामुळे तिथला चित्रपटगीतांचा 'छायागीत' किंवा तबस्सुमच्या गप्पांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हा कार्यक्रम कुणाच्या कपाटात उरला असेल, तर तो बहुधा व्हीएचएसवरच.

कॅसेट थेट व्हीसीआरमध्ये सारू नका. तिच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड बघा. पांढरी भुकटी किंवा कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट लावली की बुरशी व्हीसीआरच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या धडधाकट कॅसेटलाही लागते. ती बाजूलाच ठेवा. बाकीच्या कॅसेटींच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी शाबूत असेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होत नाही. टेप एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळून घ्या, म्हणजे ताण सगळीकडे सारखा होतो.

हेड पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. प्लग काढा, ओलसर कागदाची घडी ड्रमला (हेड बसवलेल्या फिरत्या गोल भागाला) हलकेच टेकवून स्थिर धरा आणि ड्रम हाताने फिरवा. वर-खाली घासलंत तर हेडची टोकं तुटतात. कापूस नकोच, त्याचे तंतू अडकतात.

व्हीसीआर आणि कॅप्चर कार्ड (चित्र संगणकात घेणारं यंत्र) यांच्या मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे टेपच्या सिग्नलची डळमळ सावरणारं उपकरण, हवं. ते नसलं की चित्राचा माथा वाकडा होतो, फ्रेम गळतात आणि तासाभरात ओठ व आवाज यांची फारकत होते. कॅप्चर ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची ('फील्ड') बनलेली. आवाज ४८ किलोहर्ट्झ. अजिबात न दाबलेली आठ-बिट फाइल तासाला ७५ जीबीच्या आसपास जाते. एफएफव्ही१ या बिनतोट्याच्या कोडेकने साधारण निम्म्यात भागतं आणि चित्रातलं काही जात नाही.

आता खरी मेख. अशा कार्यक्रमात दोन जातींचा माल असतो. निवेदन स्टुडिओतलं, म्हणजे सेकंदाला ५० वेगवेगळी फील्ड. त्याला 'बॉब' पद्धतीने डीइंटरलेस करून, म्हणजे प्रत्येक फील्डची पूर्ण फ्रेम बनवून, ५० फ्रेम करा. २५ केलेत तर हातांची हालचाल तुटक दिसते. गाणी मात्र फिल्मवरची. तिथे लगतची दोन फील्ड एकाच फ्रेमची असतात, ती नुसती जोडायची. डीइंटरलेस केलंत तर तपशील फुकट जातो.

शिवाय २४ फ्रेमची फिल्म टीव्हीवर २५ने पळवली जायची. ४ मिनिटं १० सेकंदांचं गाणं बरोबर ४ मिनिटांत संपतं आणि सूर पेटीच्या एका पट्टीच्या सुमारे पाऊण इतका चढतो: काळी एकचं गाणं पांढरी दोनच्या अलीकडे कुठेतरी लोंबकळतं, पेटीवर कुठल्याच पट्टीत बसत नाही. चित्र २४ फ्रेमवर आणा, आवाजाचा वेग ०.९६ पट करा. इथे बरेच जण टेम्पोचा पर्याय निवडतात. त्याने गाणं लांबतं, सूर चढलेलाच राहतो. वेगाबरोबर सूरही उतरवणारा पर्याय घ्या. मग रेकॉर्डवरच्या मुखड्याशी पट्टी ताडून बघा. लांबी ताडू नका, कारण पडद्यावरच्या गाण्यात रेकॉर्डवर नसलेली कडवी असू शकतात.

निवेदनाला हा ०.९६चा हिशेब लावायचा नाही, निवेदिकेचा आवाज घोगरा होईल. ५० आणि २४ फ्रेमचे तुकडे एकाच फाइलमध्ये जोडले की चित्र धक्के खातं; म्हणून प्रत्येक गाण्याची फाइल स्वतंत्र करा, आणि अख्खा कार्यक्रम हवा असेल तर मूळ वेगाचीच आणखी एक प्रत काढा.