मोपाचं स्वस्त तिकीट काढण्याआधी गाडीचा परवाना वाचा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात स्टेशन रोडला माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. आधी रेल्वेची तिकिटं काढून द्यायची, आता निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक विमानाचं असतं. समोर बसलेला माणूस मोबाईल पुढं करतो आणि म्हणतो, "अक्का, सांबऱ्यापेक्षा मोपाहून दीड हजारानं स्वस्त दाखवतंय, काढा की." सांबरा म्हणजे आमचा बेळगावचा विमानतळ, आणि मोपा गोव्यातला, राज्याची हद्द ओलांडून. मी लगेच काढत नाही. आधी विचारते, मोपाला जाणार कशानं?

हे विचारायची सवय मला माझ्या भाच्यानं लावली. तो दुबईला निघाला होता, विमान मोपाहून दुपारी. बेळगावात एक टेम्पो ट्रॅव्हलरवाला 'विमानतळ शटल' म्हणून माणशी पैसे घेऊन गाडी सोडायचा. जांबोटीला दोघं चढले, कणकुंबीला एक. चोर्ला घाट उतरल्यावर गोव्याच्या हद्दीत गाडी तपासणीला थांबवली. कागदावर बारा जणांचं एकच कुटुंब देवदर्शनाला निघालेलं, आणि गाडीत चार गावची माणसं, एकमेकांची नावंही ठाऊक नसलेली. अधिकाऱ्यानं यादीतलं एकेक नाव पुकारलं, कुणीच हात वर करेना. तास-सव्वा तास तिथं गेला. भाचा पोचला तेव्हा काउंटर बंद झालेलं. तिकिटाचे पैसे गेले, आणि नोकरीवर हजर व्हायची तारीख चुकली त्याचा घोर वेगळा. शटलवाल्यानं फोन उचलला नाही. भाच्याचं तिकीट मीच काढून दिलं होतं. त्या दिवसापासून मी परवान्याचे नियम नीट समजून घेतले. तेच इथं लिहिते.

मोटार वाहन कायद्यात प्रवासी गाडीचे ढोबळ दोन प्रकार आहेत. टप्पा वाहतूक म्हणजे एसटीसारखी गाडी: थांब्याथांब्यावर माणसं घ्यायची, उतरवायची, प्रत्येकाचं वेगळं तिकीट फाडायचं. कंत्राटी वाहतूक म्हणजे अख्खी गाडी एका कराराखाली ठरवलेली, इथून तिथपर्यंत. वाटेत करारात नसलेला माणूस घेता येत नाही. राज्याची हद्द ओलांडायची तर आणखी एक अट येते. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. टप्पा वाहतुकीसाठी दोन राज्यांत करार लागतो, कुठल्या मार्गावर कुणाच्या किती फेऱ्या ते त्यात ठरतं. म्हणून अशा गाड्या मुख्यतः महामंडळांच्याच दिसतात: आपली वायव्य कर्नाटकची, महाराष्ट्राची एसटी, गोव्याची कदंब. खाजगीवाल्यांकडं असतो तो अखिल भारतीय पर्यटक परवाना. १ मे २०२३ पासून त्याचे नवे नियम लागू आहेत. त्यावर गाडी देशभर फिरू शकते, पण पर्यटकांची कंत्राटी गाडी म्हणून. जागा सुट्या विकून टप्पा वाहतूक करायला त्यावर मनाई आहे.

थोडक्यात, चार गावची माणसं गोळा करणारं बरंचसं 'शटल' हे पर्यटक परवान्यावर चाललेली टप्पा वाहतूकच असतं. रोज पकडतात असं नाही. पण ज्या दिवशी पकडतील त्या दिवशी विमान तुमचं असतं, गाडीवाल्याचं नाही.

तेव्हा गाडी ठरवताना मी गिऱ्हाइकाला हे विचारून घ्यायला सांगते. पाटी पिवळी आहे का? पांढऱ्या पाटीची गाडी भाडं घेऊच शकत नाही. अपघात झाला तर विम्याचेही वांधे. परवाना कुठल्या प्रकारचा, आणि तो आजच्या तारखेला चालू आहे का? फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा. नेकीनं धंदा करणारा दोन मिनिटांत पाठवतो. "ते बघतो मी, काळजी करू नका" म्हणणाऱ्याला मी सोडून देते. प्रवाशांच्या यादीत तुमचं नाव तुमच्या आधारकार्डाप्रमाणं आहे का? आणि वाटेत माणसं चढणार आहेत का? चढणार असतील तर ती गाडी नको. त्यापेक्षा गल्लीतल्या, नात्यातल्या पाच-सहा जणांनी मिळून अख्खी गाडी ठरवावी. तो खरा करार असतो, आणि माणशी खर्चही आवाक्यात येतो.

आता वाट. बेळगावहून मोपा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. चोर्ल्यानं गेलात तर जांबोटी, कणकुंबी, घाट, केरी, साखळी, मग म्हापशाकडून पेडणे. आंबोलीनं गेलात तर बेळगाव सोडल्या सोडल्या शिनोळीला महाराष्ट्र लागतो, पुढं सावंतवाडी, बांदा आणि मग गोवा. म्हणजे एका सकाळी तीन राज्यं. गाडीवाला कुठल्या वाटेनं नेणार ते आधीच विचारा, कारण त्यावर कुठल्या राज्याची तपासणी लागणार ते ठरतं. पावसाळ्यात घाटात दरड आली, रस्ता खचला, की जिल्हाधिकारी जड वाहनांना बंदी घालतात. तेव्हा बस बंद आणि लहान गाड्या चालू असंही होतं. कोरड्या दिवसांत तीन-साडेतीन तास धरा, जून ते सप्टेंबर पाच. बहुतेक कंपन्यांचं काउंटर उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतं. घरून निघायची वेळ तिथून मागं मोजत काढायची.

गोव्यात विमानतळ दोन आहेत, आणि ही चूक माझ्या दुकानात महिन्यातून एकदा तरी होता होता राहते. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. एक दक्षिणेकडं वास्कोजवळ, दुसरा उत्तरेच्या टोकाला पेडण्यात. दाबोळी नौदलाचा तळ आहे, नागरी विमानांच्या वेळांवर तिथं पहिल्यापासून बंधनं आहेत. मोपाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. दाबोळीला जायचं असेल तर मी रेल्वेच सुचवते. लोंढ्यावरून कॅसलरॉक, कुळे करत गाडी थेट वास्कोपर्यंत जाते. रेल्वेला राज्याचा परवाना लागत नाही.

मोपा स्वस्त का, हेही समजून घ्या, म्हणजे स्वस्ताई कधी खरी आणि कधी भासाची ते कळेल. तिथं अनेक कंपन्या एकाच शहराला उडतात, एअरबसमध्ये एकशे ऐंशीच्या आसपास जागा असतात, आणि त्या भरायला भाडं पाडावं लागतं. आपल्या सांबऱ्याला १९४२ मध्ये इंग्रजांनी हवाई दलासाठी बांधलेली धावपट्टी आहे, २०१७ मध्ये नवी टर्मिनल इमारत झाली, पण एकेका मार्गावर बहुधा एकच कंपनी. विमानही बरेचदा अठ्ठ्याहत्तर जागांचं एटीआर किंवा त्याहून लहान. खर्च कमी माणसांत वाटला जातो.

त्यात उडान योजनेचा, म्हणजे लहान शहरं विमानानं जोडण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेचा, भाग आहे. २०१६ मध्ये आलेल्या या योजनेत बोली जिंकणाऱ्या कंपनीला तीन वर्षं त्या मार्गावर एकटीनं उडायचा हक्क मिळतो. त्या बदल्यात काही जागा ठरलेल्या कमाल भाड्यात द्यायच्या, आणि तूट सरकार भरून देतं. हुबळी योजनेत आधी आलं, तेव्हा २०१८ मध्ये सांबऱ्याची उड्डाणं तिकडं वळली. बेळगावकरांनी आंदोलन केलं, आणि २०१९ मध्ये तिसऱ्या फेरीत सांबऱ्याचं नाव लागलं. मला ही योजना मनापासून हवी आहे. तिच्यामुळं आमच्या तालुक्यातली माणसं पहिल्यांदा विमानात बसली. पण तीन वर्षं संपली की मदत थांबते, आणि दुसरी कंपनी तोवर आलेली नसते. मग एके दिवशी तो मार्गच वेळापत्रकातून गायब होतो. म्हणून लांबच्या तारखेचं सांबऱ्याचं तिकीट काढताना ती तारीख कुठल्या हंगामात पडते ते बघा. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. फेऱ्या बदलतात, बंद पडतात, त्या बहुतेक याच दोन तारखांना. त्यांच्या पलीकडचं तिकीट काढलंत तर कंपनीचा मेसेज रोज बघा.

हिशेब असा मांडा. समजा मोपाचं भाडं माणशी १,८०० रुपयांनी कमी आहे आणि तुम्ही चौघं जाऊन-येऊन तिकीट काढताय. फरक जातानाचा ७,२०० आणि येतानाचाही तेवढाच. गाडी एका बाजूला ४,५०० ला ठरली तर चौघांना मोपा परवडतं. तेच एकट्याचं असेल तर १,८०० वाचवायला ४,५०० घालणं झालं. मग बसच हवी, आणि बसच्या वेळेशी विमान जुळत नसेल तर म्हापशात रात्रीची खोली. त्यात सर्वांत स्वस्त भाड्यात कधी कधी चेक-इन बॅग नसतेच. लेकीकडं कुंदा आणि तांदूळ घेऊन निघालेल्या मावशींना हे विमानतळावर कळू नये.

हुबळीबद्दल थोडंच सांगते, कारण तिथं अडचणच कमी. हद्द ओलांडायची नाही, बस ऊठसूट आहेत, विमानतळ शहरातच गोकुळ रोडला. कर्नाटकातल्या बायकांना शक्ती योजनेत साध्या गाडीत तिकिटाचे पैसे लागत नाहीत, आधारकार्ड जवळ ठेवा. आंतरराज्य गाडीला आणि आरामगाडीला ते चालत नाही.

निपाणी-चिक्कोडीकडच्या लोकांना मात्र मी कोल्हापूर सांगते. विमानतळ उजळाईवाडीला आहे, हायवेला लागून, शहराच्या अलीकडं. बस स्टँडपर्यंत जाऊन परत येण्यात लोक तास घालवतात. चढतानाच कंडक्टरला विचारा, "उजळाईवाडीला उतरवतासा काय?" थांबा नसेल तर कागलला उतरून रिक्षा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. हद्दीवरच्या कोगनोळीच्या अलीकडचं भाडं पूर्ण पडतं. कंडक्टरशी त्यावरून वाद घालू नका, त्याच्या मशीनमध्येच तसं आहे.

आणि एक गोष्ट आम्हा सीमाभागातल्या लोकांना तारखा बघून ठरवावी लागते. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली आणि दोन्हीकडच्या बस थांबल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेवरून कंडक्टरला मारहाण, मग चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासणं, आणि पुन्हा बस बंद. दोन्ही वेळा स्टँडवर अडकली ती दोन्ही भाषांची साधी माणसं, कुणी दवाखान्याला निघालेलं, कुणी विमानाला. मला याचा फार त्रास होतो. १ नोव्हेंबरचा राज्योत्सव आणि काळा दिवस, १७ जानेवारीचा हुतात्मा दिन आणि डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमधलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, या दिवसांत कोल्हापूरहून विमान असेल तर मी रेल्वेचं तिकीट हातात दिल्याशिवाय विमानाचं काढत नाही. मिरजेपर्यंत रेल्वे, तिथून पुढं कोल्हापूर. किंवा सरळ हुबळी.

परतीचं सगळे विसरतात. मोपाला रात्री उतरलात तर ओला-उबर शोधू नका, गोव्यात त्या चालत नाहीत. काउंटरवरची टॅक्सी किंवा कदंबची बस म्हापसा-पणजीकडं. बेळगावची गाडी आणायला बोलावली असेल तर तुमचं नाव, उड्डाण क्रमांक आणि आधी केलेलं बुकिंग ड्रायव्हरच्या मोबाईलमध्ये असू द्या. बाहेरच्या राज्याची गाडी विमानतळावर उभी दिसली की तिथले टॅक्सीवाले जाब विचारतात, आणि कागद दाखवला की बहुधा विषय मिटतो. येताना कणकुंबीला अबकारी खात्याची तपासणी असते. सोबतच्याच्या बॅगेत गोव्याची बाटली निघाली तर सगळी गाडी उभी राहते, म्हणून बसण्याआधी स्पष्ट विचारा, लाजू नका.

भाचा आता सुट्टीला येतो तेव्हा आम्ही घरचे पाच जण मिळून गाडी ठरवतो. यादी मी स्वतः लिहिते, आधारकार्डावरून, आणि तिची एक प्रत माझ्या पर्समध्ये असते.