अमेरिकन साइटवरचे फूट-पाउंड ब्राउझरमध्येच मेट्रिक करून घ्या

अमेरिकन रेसिपी उघडली की ओव्हन ३५० फॅरेनहाइट, सुतारकामाचं पान उघडलं की फळी ६ फूट २ इंच. दरवेळी गुगल करत बसण्यापेक्षा ब्राउझरमध्ये टॅम्परमंकी एक्स्टेन्शन (उघडलेल्या पानांवर आपली स्क्रिप्ट चालवणारं) टाका आणि छोटी जावास्क्रिप्ट लिहा, पान उघडलं की आकडे आपोआप बदलतील.

गणित अगदी सोपं आहे. इंच गुणिले २५.४ की मिलिमीटर (१९५९ च्या करारापासून हा आकडा पक्का आहे, अंदाजे नाही), पाउंड गुणिले ०.४५३६ की किलो, मैल गुणिले १.६०९ की किलोमीटर. फॅरेनहाइटमधून आधी ३२ वजा करायचे, मग ५ ने गुणून ९ ने भागायचं. गॅलनला मात्र जपून, अमेरिकन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश ४.५४६ चा. औंसही वजनाचा वेगळा, द्रवाचा वेगळा. कपाचे फक्त मिली दाखवा, ग्रॅमच्या नादी लागू नका, कारण कपभर मैदा आणि कपभर साखर यांचं वजन सारखं नसतं.

खरी डोकेदुखी पानावरचा आकडा पकडण्यात आहे. सगळं इनर-एचटीएमएल (म्हणजे पानाच्या आतला सगळा कोड) एका फटक्यात रिप्लेस केलं तर पानावरची बटणं मरतात, म्हणून ट्रीवॉकर (पानाचे भाग एकेक करून फिरणारं ब्राउझरमधलंच साधन) लावून फक्त टेक्स्ट नोड्स, म्हणजे नुसत्या मजकुराचे तुकडे, घ्या आणि स्क्रिप्ट, स्टाइल, टेक्स्टएरिया हे टॅग वगळा. रेजेक्समध्ये (मजकुरातला ठरावीक नमुना शोधणाऱ्या सूत्रात) दशांश, ½, आणि फूट-इंचासाठी लिहिलेले सरळ आणि वाकडे दोन्ही कोट्स धरा. इंचाचं नुसतं 'इन' पकडायचं नाही हं, नाहीतर '१९९० इन टेक्सास' चे पण सेंटिमीटर होतात! पुढे टिंब असेल किंवा पूर्ण 'इंचेस' लिहिलं असेल तरच घ्या.

दाखवायला जावास्क्रिप्टमधलंच इंटल नंबरफॉरमॅट वापरा, स्टाइल 'युनिट' ठेवायची. तो रूपांतर करत नाही, नुसतं मांडतो, पण लोकेल (भाषेची सेटिंग) मराठी दिलं की आकडे देवनागरीत येतात. १० मैलांचे १६ किमी दाखवा, १६.०९३४४ बघून कुणाचं भलं होणार आहे? मूळ आकडा कंसात राहू द्या, चुकलं तर कळतं.

स्क्रोल करताना मजकूर वाढत जाणाऱ्या पानांसाठी म्युटेशन ऑब्झर्व्हर (पानात बदल झाला की स्क्रिप्टला कळवणारा) लागेल, फक्त आपला बदल लिहिताना तो बंद करा आणि बदललेल्या तुकड्याला खूण करून ठेवा, नाहीतर कंसातला मूळ आकडा परत पकडला जातो, त्याच्यापुढे आणखी एक कंस, आणि टॅब हँग.