इंग्लंडमध्ये मुलांची शाळा निवडताना : सरकारी आणि खासगी शाळांची तुलना

पुण्यामुंबईहून किंवा नागपूरहून नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये येणाऱ्या कुटुंबांचा, राहण्याचे घर ठरण्याच्याही आधीचा प्रश्न मुलांच्या शाळेचा असतो. तो बहुतेक वेळा असा विचारला जातो : "तिथल्या सरकारी शाळा बऱ्या असतात का, की सरळ खासगी शाळेतच घालावे?" या प्रश्नामागची काळजी खरी आहे. आपल्याकडच्या शहरांत ज्यांना फी परवडू लागली त्यांनी गेल्या दोन पिढ्यांत महापालिकेच्या शाळा सोडल्या, आणि ज्या पालकांच्या आग्रहामुळे शाळा सुधारू शकली असती तेच पालक निघून गेल्यामुळे त्या शाळा आणखी मागे पडल्या. इंग्लंडमध्ये तसे घडलेले नाही. इथली सुमारे ९३ टक्के मुले सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत शिकतात आणि त्यांत डॉक्टरांची, अभियंत्यांची, प्राध्यापकांची मुलेही असतात. म्हणून "सरकारी" आणि "खासगी" या दोन गटांची तुलना करण्याऐवजी तुमच्या घरापासून पोहोचण्याजोग्या दोन-तीन विशिष्ट शाळांची तुलना करावी, असे माझे नव्याने येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आग्रहाचे सांगणे असते. सरकारी शाळांमधला परस्परांतला फरक हा सरकारी आणि खासगी यांच्या सरासरीतल्या फरकापेक्षा पुष्कळदा मोठा असतो. (हे विवेचन फक्त इंग्लंडपुरते आहे, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या शिक्षणव्यवस्था वेगळ्या आहेत.)

प्रथम प्रकार समजून घ्यावेत. कौन्सिलच्या (म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या) शाळा, कौन्सिलच्या नियंत्रणाबाहेर राहून थेट केंद्र सरकारकडून पैसा घेणाऱ्या अकॅडमी, चर्चशी किंवा अन्य धर्मसंस्थांशी संलग्न शाळा आणि प्रवेशपरीक्षा घेणारी ग्रामर स्कूल, या सगळ्या सरकारी खर्चाच्या आणि विनाशुल्क शाळा आहेत. लंडनच्या हॅरो भागात २००८ साली सुरू झालेली कृष्ण अवंती ही सरकारी खर्चाने चालणारी पहिली हिंदू शाळाही याच गटातली. ज्यांना इथे "पब्लिक स्कूल" म्हणतात त्या ईटन किंवा हॅरोसारख्या जुन्या संस्था मात्र पूर्णपणे खासगी आणि अतिशय महाग आहेत. कामाच्या व्हिसावर आलेल्या आईवडिलांच्या मुलांना सरकारी शाळेत प्रवेशाचा हक्क असतो. व्हिसावर "सार्वजनिक निधीचा लाभ नाही" अशी अट असली, तरी शालेय शिक्षण तिच्या कक्षेत येत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे काही कुटुंबे आल्याबरोबर घाईघाईने खासगी शाळेचे शुल्क भरून मोकळी होतात, याचे मला फार वाईट वाटते.

शाळेचा दर्जा कसा पाहावा, हा यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत गैरसमजांचा भाग आहे. बहुतेक जण ऑफस्टेड या शासकीय तपासणी संस्थेच्या शेऱ्यापासून सुरुवात करतात. पूर्वी प्रत्येक शाळेला "आउटस्टँडिंग", "गुड" असा एका शब्दाचा शेरा मिळत असे. ती पद्धत सरकारी शाळांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि नोव्हेंबर २०२५ पासून निरनिराळ्या बाबींवर स्वतंत्र मत देणारे अहवाल सुरू झाले. तरीही घरदलालांच्या जाहिरातींत आणि पालकांच्या बोलण्यात जुना शब्द अजून फिरतो. तो शेरा ऐकला की अहवालाची तारीख आधी पाहावी, कारण २०१२ ते २०२० या काळात आउटस्टँडिंग ठरलेल्या शाळांना नियमित तपासणीतून सूट होती, आणि त्यामुळे काहींचा शेरा दहा-दहा वर्षे जुना होऊनही तसाच राहिला होता. तोवर मुख्याध्यापक बदललेले असतात, शिक्षक बदललेले असतात, कधीकधी सारी वस्तीच बदललेली असते.

दुसरी गोष्ट निकालांची. जीसीएसई या सोळाव्या वर्षी होणाऱ्या शालान्त परीक्षेच्या निकालाचे नुसते टक्के पाहिले, तर परीक्षा घेऊन निवडक मुले घेणारी शाळा नेहमीच वर दिसणार. त्यात शाळेचे श्रेय किती आणि निवडीचे किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी इथे माध्यमिक शाळांकरिता "प्रोग्रेस ८" नावाचे मोजमाप आहे. अकराव्या वर्षी ज्या मुलांची पातळी सारखी होती, अशा देशभरातल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतल्या मुलांनी सोळाव्या वर्षी आठ विषयांत किती अधिक किंवा उणी प्रगती केली, हे त्यातून दिसते. शून्याच्या आसपासचा आकडा म्हणजे सर्वसाधारण प्रगती, आणि अधिक ०.५ म्हणजे दर विषयात सरासरी अर्धी श्रेणी जास्त. सामान्य वस्तीतली, सर्व प्रकारची मुले घेणारी एखादी शाळा या मोजमापात नावाजलेल्या शाळेच्या पुढे गेलेली दिसते, तेव्हा तिथल्या शिक्षकांच्या कष्टांचा खरा अंदाज येतो. कोविडमुळे २०२० आणि २०२१ साली प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षा झाल्या नाहीत, त्यामुळे २०२४-२५ आणि २०२५-२६ या वर्षांसाठी हा आकडा काढता येत नाही. त्याआधीच्या दोन वर्षांचे आकडे पाहावेत. प्राथमिक शाळेच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. स्लाव, हॅरो, हाउन्स्लो किंवा लेस्टर अशा ठिकाणी वर्गातल्या पुष्कळ मुलांची घरची भाषा इंग्रजी नसते, आणि म्हणून लहान वर्गांतले आकडे कमी दिसले तरी इथल्या सहावीपर्यंत (वय दहा-अकरा) ती मुले कुठे पोहोचतात, ते पाहणे अधिक न्याय्य आहे.

खासगी शाळांना हे मोजमाप लागू होत नाही. त्यांतल्या बऱ्याच शाळा आंतरराष्ट्रीय जीसीएसई घेतात आणि ती परीक्षा सरकारी तक्त्यांत धरली जात नाही, त्यामुळे अत्यंत चांगल्या शाळेपुढेही कधीकधी शून्य टक्के छापलेले आढळते. म्हणजे त्यांची तुलना सरकारी संकेतस्थळावरून करताच येत नाही. त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेले निकाल पाहताना शाळा कोणत्या वयात किती कठीण परीक्षा घेऊन मुले निवडते, आणि सोळाव्या वर्षी कमी गुणांच्या मुलांना पुढच्या वर्गात राहू देते का, हे आवर्जून विचारावे.

खासगी शाळेत पैशाच्या मोबदल्यात काय मिळते, तेही न्यायाने सांगितले पाहिजे. वर्ग लहान असतात. एका शिक्षकामागे असलेल्या मुलांची संख्या सरकारी शाळेच्या साधारण निम्मी भरते. मैदाने, संगीत, नाटक, प्रयोगशाळा यांवर खर्च मोठा असतो. दिवस लांब असल्यामुळे आईवडील दोघेही नोकरी करत असतील तर संध्याकाळची सोय होते. बुजऱ्या मुलाकडे किंवा गर्दीत हरवून जाणाऱ्या मुलीकडे तिथे लवकर लक्ष जाते, आणि अशा मुलासाठी काही कुटुंबांनी हा खर्च विचारपूर्वक केलेला आणि तो सार्थकी लागलेला मी पाहिला आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये प्रवेश मिळवणाऱ्या इथल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त सरकारी शाळांतले असतात हे खरे. परंतु खासगी शाळांतल्या मुलांचे प्रमाण तिथे त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त आहे, हेही तितकेच खरे.

आता खर्च. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या शुल्कावर २० टक्के व्हॅट लागू झाला आहे, आणि तो धरून निवासी नसलेल्या शाळेचे सरासरी शुल्क एका मुलामागे वर्षाला २०,००० पौंडांच्या पुढे जाते. जेवण, गणवेश, बस, सहली, वाद्याची शिकवणी हे बहुधा निराळे. करारातले एक कलम नवीन कुटुंबांनी विशेष लक्ष देऊन वाचावे : शाळा सोडायची असेल तर एक पूर्ण टर्म (शालेय सत्र) आधी लेखी कळवावे लागते, नाहीतर त्या टर्मचे शुल्क भरावे लागते. कंपनीने सहा आठवड्यांच्या सूचनेवर परत पुण्याला बोलावले, तर हे कलम फार महागात पडते. आपल्या नोकऱ्यांचे स्वरूप पाहता हा धोका काल्पनिक नाही.

याच हिशोबात आणखी एक गोष्ट धरावी, जिचा विचार पालक फार उशिरा करतात. इंग्लंडमधल्या विद्यापीठांत स्थानिक विद्यार्थ्यांचे शुल्क २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ९,५३५ पौंड आहे. परदेशी विद्यार्थ्यांचे त्याच्या दुप्पट, तिप्पट किंवा त्याहूनही अधिक असते. स्थानिक दर मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम सुरू होण्याच्या वेळी मुलाकडे कायम वास्तव्याचा परवाना आणि त्याआधीची तीन वर्षे इथले वास्तव्य असावे लागते. तुमचे मूल तेराचौदा वर्षांचे असताना तुम्ही येत असाल, तर अठराव्या वर्षापर्यंत तो परवाना हाती येईल की नाही, हे आधी तपासावे. तो येण्याची शाश्वती नसेल, तर माध्यमिक शाळेच्या शुल्कात जाणारा पैसा विद्यापीठासाठी राखून ठेवणे मला कितीतरी अधिक शहाणपणाचे वाटते.

ग्रामर स्कूलविषयी आपल्या लोकांत फार ओढ आहे. स्पर्धापरीक्षेची सवय आपल्या अंगात मुरलेली असल्यामुळे ते स्वाभाविक आहे. इंग्लंडमध्ये अशा १६३ शाळा आहेत आणि १९९८ च्या कायद्याने नवीन ग्रामर स्कूल काढायला बंदी आहे. केंट, बकिंगहॅमशर, स्लाव, सटन, रेडिंग अशा ठराविक भागांतच त्या आढळतात. परीक्षा सहावीच्या सुरुवातीला, बहुधा सप्टेंबरमध्ये होते, आणि नावनोंदणी त्याआधीच्या उन्हाळ्यातच संपते. या परीक्षेसाठी मुलाला तिसरी-चौथीपासून आठवड्यातून अनेकदा शिकवणीला बसवण्याची जी पद्धत आपल्या वस्त्यांमध्ये रूढ झाली आहे, ती मला मुळीच मान्य नाही. मुलाला वाचनाची गोडी असेल आणि गणित आवडत असेल, तर एक वर्षाची बेताची तयारी पुरते. त्याहून जास्त रेटा लावून प्रवेश मिळाला, तरी पुढची सात वर्षे त्याच रेट्याने काढावी लागतात, आणि त्याचा त्रास सोसावा लागतो तो मुलाला.

सरकारी शाळेचे शुल्क नसले तरी तिची किंमत घरभाड्यात भरावी लागते. अर्ज जास्त आले की बहुतेक शाळा प्रथम कौन्सिलच्या संगोपनाखाली असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या मुलांना, मग आधीच शिकत असलेल्यांच्या भावंडांना आणि त्यानंतर घराच्या अंतरानुसार जागा देतात. मागच्या वर्षी शेवटची जागा किती अंतरावरच्या घराला मिळाली, हा आकडा कौन्सिलकडे मिळतो. भाडेकरार करण्यापूर्वी तो पाहिलाच पाहिजे, कारण चांगल्या शाळेच्या बाबतीत हे अंतर अर्ध्या मैलाहूनही कमी असू शकते. खोटा पत्ता देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये; जागा रद्द होते. माध्यमिक शाळेसाठी अर्जाची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर आणि प्राथमिकसाठी १५ जानेवारी असते. पसंतीक्रमाबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे, की शाळा पहिल्या क्रमांकावर लिहिली नाही तर ती जागा देत नाही. वस्तुतः तुम्ही कितव्या क्रमांकावर लिहिले हे शाळेला कळवलेच जात नाही. ज्या ज्या शाळेच्या निकषांत तुमचे मूल बसते त्यांतली तुमच्या यादीतली सर्वांत वरची शाळा कौन्सिल देते. म्हणून खरी आवड असेल तीच शाळा पहिली लिहावी, आणि यादीत निदान एक तरी नक्की मिळेल अशी शाळा असावी.

वर्षाच्या मध्यात येणाऱ्यांना जिथे जागा रिकामी असेल तिथे प्रवेश मिळतो, आणि ती शाळा आवडती असतेच असे नाही. मिळालेली जागा स्वीकारून मुलाला शाळेत पाठवावे आणि हव्या त्या शाळेच्या प्रतीक्षायादीत नाव ठेवावे. इथे कुटुंबे सतत घरे बदलत असल्यामुळे जागा सुटत राहतात. मुलाचा वर्ग वयानुसार ठरतो, आपल्याकडे कोणती इयत्ता झाली यावरून नाही. लहान वयात त्याने काही बिघडत नाही. अडचण होते ती चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची, कारण जीसीएसईचा अभ्यासक्रम साधारण इथल्या दहावीत (इयर १०), म्हणजे वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी सुरू होऊन दोन वर्षे चालतो, आणि निरनिराळ्या शाळा निरनिराळ्या मंडळांच्या परीक्षांना बसतात. मधूनच दाखल झालेल्या मुलाला अर्धा अभ्यासक्रम स्वतः भरून काढावा लागतो, आणि या एका परिस्थितीत लहान वर्गांची खासगी शाळा दीड-दोन वर्षांपुरती विचारात घेण्यासारखी आहे. शक्य असेल, तर अशा मुलाची दहावी महाराष्ट्रातच पूर्ण करून मग कुटुंबाने एकत्र यावे. सोळाव्या वर्षानंतर सिक्स्थ फॉर्म कॉलेजांत (आपल्या अकरावी-बारावीसारख्या) प्रवेशाची नवी संधी सर्वांनाच असते, आणि दहावीची गुणपत्रिका, विशेषतः गणित आणि इंग्रजीच्या गुणांसह, अर्जासोबत जोडता येते. ती कॉलेजे ही गुणपत्रिका कशी धरतात याची विचारणा निघण्यापूर्वीच इमेलने करून उत्तर लेखी घेऊन ठेवावे.