हॅरी जेम्सची युद्धकाळातली रेकॉर्डिंग्ज घेताय? या चुका टाळा

सीडीच्या मागे ‘१९४३’ छापलेलं होतं आणि खाली ‘मूळ स्टुडिओ मुद्रण’. पैसे मोजले, घरी आणली, लावली. पहिलं गाणं संपलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. स्टुडिओत टाळ्या कोण वाजवतं?

तेव्हापासून हॅरी जेम्सचं, म्हणजे स्विंग या नाचाच्या जॅझचा बँड चालवणाऱ्या अमेरिकन ट्रम्पेटवादकाचं, काहीही दिसलं की मी आधी साल बघतो आणि ते खरं मानत नाही. पुनर्प्रकाशित स्विंग घेणाऱ्यांची पहिली चूक हीच: छापलेलं साल म्हणजे वाजवल्याचं साल असं धरून चालणं. युद्धकाळात तर हे हमखास फसतं. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं, म्हणजे जेम्स पेट्रिलो यांच्या संघटनेनं, रेकॉर्ड कंपन्यांसाठी वाजवणंच बंद केलं. डेका या रेकॉर्ड कंपनीनं सप्टेंबर १९४३ मध्ये हा संप मिटवून घेतला. हॅरी जेम्स मात्र कोलंबिया कंपनीचा, आणि कोलंबियानं नोव्हेंबर १९४४ पर्यंत ताणून धरलं. सव्वादोन वर्षं त्याच्या बँडचं विक्रीसाठी एकही स्टुडिओ मुद्रण झालं नाही.

आणि तरीही १९४३ हे त्याचं ऐन भराचं वर्ष! ‘आयव्ह हर्ड दॅट साँग बिफोर’ हे हेलन फॉरेस्टनं गायलेलं गाणं त्या वर्षी तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ते मुद्रित झालं ३१ जुलै १९४२ ला, संपाच्या आदल्या दिवशी. ‘ऑल ऑर नथिंग ॲट ऑल’ची कथा याहून मजेशीर. ३१ ऑगस्ट १९३९ ला तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला फ्रँक सिनात्रा जेम्सच्या बँडबरोबर ते गायला. पोलंडवर हल्ला होऊन दुसरं महायुद्ध सुरू झालं ते दुसऱ्या दिवशी. गाणं तेव्हा विशेष चाललं नाही. संपात कोलंबियाकडे विकायला नवं काही नव्हतं आणि सिनात्रा तोवर तरुण मुलींच्या गळ्यातला ताईत झाला होता. कंपनीनं १९४३ मध्ये तेच जुनं मुद्रण पुन्हा बाजारात आणलं आणि ते तुफान खपलं. ‘युद्धकाळातलं गाजलेलं गाणं’ म्हणून आज ते संग्रहात घातलं जातं, पण वाजवलं गेलं तेव्हा अमेरिका युद्धात नव्हतीच.

मग १९४३ चं खरोखर काय असतं? रेडिओ कार्यक्रम आणि व्ही-डिस्क. व्ही-डिस्क म्हणजे सैनिकांसाठी काढलेल्या बारा इंची तबकड्या. त्या विकायच्या नाहीत या अटीवर संघटनेनं वाजवायला परवानगी दिली. पुष्कळ व्ही-डिस्कच्या सुरुवातीला कलावंत स्वतः सैनिकांशी दोन शब्द बोलतो, ती खूण समजा. रेडिओचं मुद्रण असेल तर निवेदक येतो किंवा मला मिळाल्या तशा टाळ्या मिळतात. यात कमीपणा काही नाही, उलट मला रेडिओवरचा जेम्स जास्त आवडतो. तबकडीच्या तीन मिनिटांची दोरी सुटली की तो मोकळा वाजवतो. फक्त स्टुडिओचा आवाज अपेक्षून घेऊ नका.

साल पारखायचं असेल तर कानावर भरवसा ठेवा. सिनात्रा गात असेल तर १९३९, फार तर १९४० चा जानेवारी. त्यानंतरचा गायक डिक हेम्स. हेलन फॉरेस्ट १९४१ च्या अखेरीपासून १९४३ संपेपर्यंत. किटी कॅलन असेल तर युद्धाची अखेर: ‘आयम बिगिनिंग टू सी द लाइट’ २१ नोव्हेंबर १९४४ चं, संप मिटल्यावर दहाव्या दिवशीचं. व्हायोलिनांचा ताफा ऐकू आला तर १९४१ च्या आधीचं नाही. मूळ तबकडीच हाती असेल तर लेबलावरचा ठळक क्रमांक सोडा, तो प्रकाशनाचा. लेबलाशेजारी कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक मुद्रणाचा असतो. त्याच्या सुरुवातीला ‘सीओ’ (CO) असेल तर मुद्रण न्यू यॉर्कचं, ‘एचसीओ’ (HCO) असेल तर हॉलीवूडचं.

गायिकेच्या खुणेला एक मोठा अपवाद आहे, आणि जाणकारही तिथे घसरतात. १९५५ मध्ये कॅपिटॉल कंपनीसाठी जेम्सनं आपली जुनी गाणी हाय-फायमध्ये नव्यानं वाजवली. हेलन फॉरेस्टही आली. बँड त्याचा, गाणी तीच, गायिका तीच. स्वस्त संग्रहांत ही मुद्रणं ‘मूळ’ म्हणून बिनदिक्कत खपतात. झांजांची किणकिण स्वच्छ ऐकू येत असेल, बेस वेगळा उठून दिसत असेल, तर ते १९४२ चं नव्हे.

आवाजाबद्दल थोडक्यात. खरखर अजिबात नाही याचा अर्थ मुद्रण चांगलं असा होत नाही. बहुतेक वेळा कुणीतरी संगणकावर खरखर पुसताना ट्रम्पेटची धारही पुसलेली असते. जेम्सचा सूर पितळी, झगझगीत, थरथरता. तो लोकरीतून आल्यासारखा वाटला की ती आवृत्ती ठेवून द्या. साठच्या दशकातल्या एलपींवर मोनोचं खोटं स्टिरिओ केलेलं असतं. ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा, बरंच सावरतं. वेगही तपासा. वेग सहा टक्के वाढला की काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. सूर दोन पट्ट्यांच्या मधेच लोंबकळत असेल तर नक्कल करतानाच गडबड झाली आहे. ट्यूनर ॲप वापरा, घरची पेटी नको. आपल्या पेट्या क्वचितच ४४० हर्ट्झ या प्रमाण पट्टीला असतात.

आता माझी सगळ्यात महागातली चूक. कोलंबियाची लाल लेबलाची ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी मिळाली होती. मळलेली. सीडी पुसायचं स्पिरिट हाताशी होतं, कापसावर घेतलं आणि फिरवलं. कापूस काळा झाला. वाटलं, किती मळ निघतोय! तो मळ नव्हता, तबकडीच निघत होती. ७८ च्या तबकड्या चपड्याच्या. सुतार चपडा स्पिरिटमध्येच विरघळवून लाकडाला पॉलिश करतो, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो आणि ऐन वेळी आठवलं नाही. हा चपडा छोटा नागपूरच्या लाखेचा, अमेरिकेला तो भारतातूनच जायचा. युद्धात जहाजं अडली तेव्हा एप्रिल १९४२ मध्ये तिथल्या सरकारनं रेकॉर्डसाठीचा वापर ७० टक्क्यांनी छाटला. जुन्या तबकड्या दळून नव्या काढल्या जाऊ लागल्या. त्यामुळे त्या वर्षांच्या तबकड्या मुळातच जास्त खरखरतात. पुसून ते जायचं नाही.

डिस्टिल्ड पाणी, डिश धुण्याच्या द्रवाचा एखादा थेंब, मऊ ब्रश. लेबल कोरडं ठेवायचं आणि तबकडी उभी करून वाळवायची. वाजवताना ७८ ची जाड सुई लावा, एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते. व्ही-डिस्कचं उलट. बऱ्याचशा व्हिनाइलच्या आहेत, पडल्या तरी फुटत नाहीत, पण आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी पिन लावून एकदा जरी वाजवली तरी खाच सोलून निघते.

माझी ती तबकडी अजून आहे. पहिली वीस सेकंदं नुसती भजी तळल्यासारखा आवाज, आणि मग मधूनच ट्रम्पेट.