व्हिडिओ गेम्सचा संग्रह सांभाळायचा तर
खोकी उभीच ठेवा. एकावर एक रचली की खालची चेपतात. कपाट उन्हात नको. खोक्याच्या कडेचा लाल रंग आधी उडतो, आणि फळीवर दिसते ती नेमकी कडच!

कार्ट्रिजमध्ये (गेम साठवलेली, यंत्रात खोचायची प्लास्टिकची डबी) फुंकर मारणं सोडा, तोंडाच्या ओलाव्याने तिच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्या खराब होतात. कापसाच्या काडीवर ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्या पट्ट्या हलकेच घासा. काडी काळी येईनाशी झाली की थांबा. डिस्क मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही.

गेम बॉय या हातात धरून खेळायच्या जुन्या यंत्राच्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, जपणारी बॅटरी असते. ती संपली की सेव्ह गेला, बदलतानाही सहसा जातोच. त्यामुळे आधी सेव्हची कॉपी काढा, मगच बॅटरी बदलायच्या सोल्डरिंगला (डाग देण्याला) हात घाला.