इंजिन बदललं, आता वॉरंटीचं काय? या चुका टाळा

इंजिन बदलून मिळालं की मालक सुटकेचा श्वास टाकतो आणि बिलाखाली सही करून गाडी घरी आणतो. इतक्या मनस्तापानंतर कागद वाचायला बसायची कोणाची इच्छा असणार? पण पुढचे बहुतेक वाद नेमके त्याच दिवशी सुरू होतात. सात-आठ महिन्यांनी टर्बोकडून (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या भागाकडून) तेल गळतं किंवा गाडी तापायला लागते. मग सर्व्हिस सेंटर म्हणतं, "हा भाग कव्हरमध्ये नाही." तेव्हा दाखवायला हातात काहीच नसतं.

नवं इंजिन म्हणजे नवी वॉरंटी असं धरून चालणं

ही सर्वांत महागात पडणारी समजूत. वॉरंटीत बदललेल्या भागाला सहसा गाडीच्या मूळ वॉरंटीचा उरलेला काळच मिळतो. समजा, गाडीला ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरची वॉरंटी आहे आणि २ वर्षं १० महिने झाल्यावर इंजिन बदललं. त्या कोऱ्या इंजिनाला मूळ वॉरंटीचे दोनच महिने मिळाले. किलोमीटरचंही तसंच. ओडोमीटर गाडीचं मोजतं, इंजिनाचं नाही. इंजिन शून्यावर असलं तरी वॉरंटीच्या हिशेबात गाडी ७२,००० किलोमीटर चाललेलीच राहते.

पैसे देऊन इंजिन बदललं असेल, तर कंपनीच्या अस्सल सुट्या भागांना वेगळी वॉरंटी असते. ती बिलाच्या तारखेपासून मोजतात आणि गाडीच्या वॉरंटीपेक्षा बरीच छोटी असते. एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे वेगळे पैसे भरून वाढवून घेतलेली वॉरंटी, हा तिसरा, स्वतंत्र करार. म्हणून गाडी ताब्यात घेताना सरळ विचारा: या इंजिनाला यांतली कोणती वॉरंटी, कोणत्या तारखेपर्यंत, किती किलोमीटरपर्यंत? उत्तर बिलावर किंवा ईमेलने घ्या. सर्व्हिस सेंटरचा अ‍ॅडव्हायझर प्रामाणिकपणे बोलत असेलही, पण वर्षभराने तो तिथे असेलच असं नाही.

एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलेली नसेल, तर उरलेले ते दोन महिने मोलाचे आहेत. ती साधारणपणे मूळ वॉरंटी संपायच्या आत घ्यावी लागते. इंजिन बदललेल्या गाडीला ती मिळते का, कोणत्या अटींवर, हे त्याच आठवड्यात विचारा.

आणखी एक गफलत इथेच होते. लोक कंपनीच्या संकेतस्थळावरच्या आजच्या अटी वाचतात आणि त्या आपल्या जुन्या गाडीला लावतात. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये मूळ वॉरंटी २ वर्षं/४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षं/१ लाख किलोमीटर केली, पण ती त्यानंतर दिलेल्या गाड्यांसाठी. २०२२ च्या गाडीला २०२२ च्या पुस्तिकेतल्या अटीच लागू. ती पुस्तिका ग्लव्ह बॉक्समध्ये असते, ती आधी काढा.

"इंजिन बदललं" म्हणजे नेमकं काय बदललं, हे न विचारणं

बोलण्यात सगळंच इंजिन. प्रत्यक्षात बहुतेक वेळा हाफ इंजिन, म्हणजे शॉर्ट ब्लॉक बदललेला असतो: ब्लॉक, क्रँकशाफ्ट, पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग. वरचं हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) जुनंच साफ करून परत बसवतात. लाँग ब्लॉकमध्ये हेडही येतं. तरीही टर्बो, इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, अल्टरनेटर, स्टार्टर, रेडिएटर हे जुन्याच इंजिनावरून उतरवून लावलेले असू शकतात. या जुन्या भागांना नव्या इंजिनाच्या वॉरंटीचा फायदा नाही. त्यांचं कव्हर गाडीच्या कराराप्रमाणे.

बिलावर नुसतं "इंजिन असेंब्ली" लिहिलेलं चालवून घेऊ नका. पार्ट नंबरसकट प्रत्येक भाग आणि जुन्यातून काय परत लावलं त्याची नोंद जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर हवी.

जुनं इंजिन का गेलं हे न शोधता नवं बसवणं

यावर मी थोडा जास्त जोर देतो, कारण दुसरं इंजिन गेल्यावर कंपनीचा पहिला प्रश्न हाच असतो आणि तोच प्रश्न पहिल्या वेळी कोणी विचारलेला नसतो.

बेअरिंग घासून इंजिन सीझ, म्हणजे जाम झालं, तर धातूचा बारीक चुरा तेलाबरोबर सगळीकडे फिरलेला असतो: ऑइल कूलरमध्ये, टर्बोच्या तेलनळीत. टर्बो फुटला असेल तर इंटरकूलरमध्येही (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीत) तुकडे आणि तेल साचतं. हे भाग न बदलता किंवा नीट न धुता तसेच लावले, तर तोच चुरा नव्या इंजिनात जातो. इंजिन तापून गेलं असेल, तर रेडिएटर तुंबलाय का, पंखा वेळेवर सुरू होतो का, थर्मोस्टॅट उघडतो का, वॉटर पंप ठीक आहे का, हे तपासल्याशिवाय नवं इंजिन बसवण्यात अर्थ नाही. कूलंट भरताना यंत्रणेतली हवा पूर्ण काढली नाही, तर नवंकोरं इंजिनही पहिल्याच घाटात तापतं.

म्हणून बिघाडाच्या कारणाचा लेखी अहवाल मागा. दुरुस्ती वॉरंटीत असेल, तर काढलेले भाग सहसा कंपनीकडे जातात. त्याआधी ते बघून फोटो काढून ठेवा. पैसे तुम्ही भरले असतील, तर जुने भाग परत मागा.

गाडी घरी आल्यावर पहिले काही आठवडे तेलाची पातळी सारखी बघा. थंड इंजिनावर तेल मोजायची काडी काढून, सपाट जागी. कूलंटच्या डब्यातली पातळी बघा, सकाळी गाडीखाली डाग आहे का बघा. तेल कमी होतंय, निळसर धूर येतोय, चेक इंजिनचा दिवा लागतोय, यांपैकी काहीही दिसलं की लगेच सर्व्हिस सेंटरला जाऊन जॉब कार्ड उघडा. फोनवर "थोडं चालवून बघा" ऐकून थांबू नका. तक्रारीची तारीख वॉरंटीच्या आत पडणं ही पुढच्या भांडणातली अर्धी बाजू असते. तापमानाचा काटा वर गेला किंवा तेलाचा लाल दिवा लागला, तर मात्र गाडी तिथेच बंद करून टो करून न्या. दिवा लागल्यावर गाडी चालवली, तर ती मालकाची चूक ठरवून दावा नाकारला जाऊ शकतो.

आरटीओ आणि विमा विसरणं

इंजिन नंबर साधारणपणे ब्लॉकवर असतो, त्यामुळे हाफ इंजिन बदललं तरी नंबरचा प्रश्न येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय इंजिन बदललं असेल, तर ते १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती घ्या. मग विमा कंपनीकडून पॉलिसीवर नवा नंबर चढवून घ्या. एक्स्टेंडेड वॉरंटीच्या प्रमाणपत्रावर जुना नंबर असेल तर तोही बदला. नाहीतर दाव्याच्या वेळी गाडी एक आणि कागद दुसऱ्याच इंजिनाचे, असा पेच पडतो.

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून किंवा इतरत्र जुनं इंजिन आणून बसवण्याचा मोह होतो, पैसे वाचतात हे खरंच. पण कंपनीच्या एक्स्टेंडेड वॉरंटीतून ते इंजिन बाहेर जातं. शिवाय ते मूळ कोणत्या गाडीचं होतं याचे कागद नसतील, तर आरटीओत अडचण येते. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचंही तसंच. कंपनीची वॉरंटी तिथे हात वर करते.

बाहेर काम केलं म्हणून सगळी वॉरंटी गेली, हे निमूट मान्य करणं

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्या आदेशात असंही बजावलं होतं की, गाडी बाहेरच्या गॅरेजात नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामाने जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. पुढे या प्रकरणात अपिलं झाली आणि काउंटरवर हे सांगून काम लगेच होतं असंही नाही. पण बाहेर ब्रेक पॅड बदलले म्हणून इंजिनाचा दावा फेटाळला, तर नकाराचं कारण लेखी मागाच. तेल मात्र पुस्तिकेतल्या ग्रेडचं आणि वेळेवर बदलल्याची बिलं हवीत. ती नसली तर तुमची बाजू खरोखर लंगडी पडते.

पाण्यात गेलेल्या इंजिनासाठी वॉरंटीकडे धावणं

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, सेल्फ मारला आणि सिलिंडरमध्ये पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकला. हा बनावटीचा दोष नाही, त्यामुळे मूळ वॉरंटी नाही आणि एक्स्टेंडेडही नाही. साधी विमा पॉलिसीही बहुधा नकार देते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर लागतं. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारू नका, एवढं घरातल्या प्रत्येक चालकाला सांगून ठेवा.

नकार मिळाल्यावर तोंडी वाद घालत राहणं

आधी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा. जॉब कार्ड, बिलं, फोटो जोडा. इंजिन पुन्हा खोलायला सांगितलं, तर दावा नाकारल्यास खोलण्याची मजुरी कोण देणार हे सहीआधी ठरवा. मार्ग निघाला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही प्रत्यक्ष दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथे दाद मागता येते, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. वर्कशॉप मॅनेजरच्या "बघतो, वर विचारतो" यात त्यातले महिने जाऊ देऊ नका.