कुत्रा झिजतोय आणि आपण पेज वाढवतोय: या चुका टाळा

आमचा टायगर बारीक झालाय हे फोंड्याच्या घरात आधी कळलं ते चतुर्थीला मुंबईहून आलेल्या आत्याला. आम्ही त्याला रोज बघत होतो, म्हणूनच आम्हाला दिसलं नाही. नजरेवर विसंबू नका, हात फिरवा. बरगड्या, कणा, कमरेची हाडं टोचू लागली, कानशिलं खोल गेली तर ते स्नायू झिजल्याचं लक्षण. पोट गोल आहे म्हणून फसू नका, कुशिंग या संप्रेरकांच्या आजारात पोट सुटतं आणि मांड्या वाळतात. महिन्यातून एकदा त्याला उचलून काट्यावर उभं राहा आणि तुमचं वजन वजा करा. २० किलोच्या कुत्र्याचे २ किलो उतरले तर ते साठ किलोच्या माणसाचे सहा गेल्यासारखं आहे.

आम्ही काय केलं? पेजेत भात वाढवला, वर बांगड्याचं हुमण, म्हणजे माशांची आमटी. (हुमणात कांदा असेल तर तेही नको, कांदा कुत्र्याचं रक्त बिघडवतो.) मग जंताची गोळी, पंधरा दिवसांनी पुन्हा एक. जंत असतातच, ओल्या मातीतले अंकुशकृमी तर रक्तच पितात. पण दोन गोळ्यांनंतरही वजन उतरतच असेल तर तिसरी देऊ नका, त्याची शी तपासायला न्या.

खरा घोळ गोचिडांचा होता. जूनमध्ये टायगरला ताप आला. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चार आठवडे द्यायला सांगितलं होतं. आठव्या दिवशी तो उड्या मारू लागला आणि मी गोळ्या थांबवल्या. ही चूक माझीच. एर्लिखिया हा गोचिडांतून येणारा जंतू अंगात दबून राहू शकतो आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, वजन उतरणं, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त असा वर येतो. शिवाय आपण सरसकट ‘टिक फीवर’ म्हणतो त्यात बाबेसिया हा गोचिडांतूनच येणारा दुसरा परजीवीही येतो आणि त्याला वेगळं औषध लागतं. म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या उरलेल्या गोळ्या नकोत, रक्त तपासा. अंगावरचे गोचीड काढून भागत नाही. मादी हजारो अंडी घालते, तीही कुत्र्याच्या अंगावर नाही तर भिंतीच्या फटीत. आमच्या चिऱ्याच्या भिंतींत फटींना तोटा नाही.

‘खातो ना, मग बरा आहे’ हेही खोटं. मधुमेहात खूप खाऊनही कुत्रा वाळतो, पाणी भरपूर पितो. स्वादुपिंडाची पाचक द्रव्यं कमी पडली तर शी फिकट, तेलकट आणि ढीगभर होते. म्हाताऱ्या कुत्र्याचे दात आणि मूत्रपिंडं बघून घ्या, ‘वय झालं’ हे निदान नव्हे. मूत्रपिंडासाठी रक्तात क्रिएटिनिन मोजतात, पण ते स्नायूंतूनच तयार होतं, त्यामुळे झिजलेल्या कुत्र्यात ते खोटं चांगलं दिसू शकतं. लघवीही तपासायला सांगा.

एकच मागचा पाय वाळला असेल तर तो दुखतोय का बघा. फक्त डोक्याचे स्नायू गेले आणि तोंड उघडत नसेल तर जबडा ओढू नका. दुखतंय म्हणून आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक या आपल्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नका.

दवाखान्यात जाताना वजनाची वही, ताजी शी आणि कुत्रा काय काय खातो त्याची यादी घेऊन जा, शेजारच्या घरी मिळतं तेसुद्धा. हिरड्या पांढऱ्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर सोमवारची वाट बघू नका.